अडकलेला ब्रेक आणि दत्तोबा मिस्त्री

दत्तोबा मिस्त्री ब्रेकचं काम हातात घेतलं की आधी आसपासचा हातोडा शोधायचे आणि चक्क त्यावर बसायचे. "राग आला की मानूस ह्योच उचलतो," म्हणायचे. "म्हनून बुडाखाली बरा."

ईशा, नील, तुमच्या पणजोबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, विलायती गाडी तुम्ही फोटोत पाहिली आहे. मी गाडी चालवायला शिकले ती तिच्यावरच. नव्वदच्या दशकात सासरे गेले आणि ती साताऱ्याच्या आमच्या अंगणात तीन पावसाळे नुसती उभी राहिली. पुढचं डावं चाक जाम झालं. तुमचे आजोबा कंटाळले. सोमवारी सांगलीचा भंगारवाला येणार असं ठरलं. "रविवारपर्यंत चालली तर ठेवू," एवढी मुदत मी मिळवली आणि शनिवारी सकाळीच दत्तोबांना घरी आणलं. ते माण तालुक्यातले, सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले.

त्यांनी चाक उतरवून कॅलिपर काढला. ब्रेक दाबला की चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो तो भाग. आत समोरासमोर दोन पिस्टन. एक किंचित हलत होता, दुसरा गंजून बसलेला.

"पकडीनं ओढा की," आजोबा म्हणाले.

"सायेब, चरा पडला की त्याल गळनार. नवा कुठनं आनू? तुमी च्या घ्या."

तेलाच्या भोकाला ग्रीसचा पंप जोडून ते दांडा दाबू लागले. हलणारा पिस्टन भराभर पुढे आला, गंजलेला तसाच.

"दत्तोबा, हा तर भलताच निघाला!" मी म्हणाले.

"वैनीसाब, ह्यो सुटा हाय तवर सारा जोर ह्योच खानार. आदी ह्येलाच धरायचा."

बाभळीचा तुकडा लावून त्यांनी हलणारा पिस्टन शिकंज्यात आवळला. आता जोराला एकच वाट उरली. दाबायचं, थांबायचं, गंजावर तेलाचे थेंब सोडायचे, पुन्हा दाबायचं. दुपार कलली.

"सुटतंय का काही?" आजोबा डोकावले.

"त्यो बी हट्टी, मी बी हट्टी. पर मी जेवलोय."

चारच्या सुमारास 'कट्' असा आवाज झाला आणि पिस्टन केसभर सरकला. दत्तोबा हसले नाहीत. "आता घाई केली की गेलं," म्हणाले आणि तासभर घेऊन तो अलगद बाहेर काढला. ग्रीस ब्रेकचं रबर खातं, म्हणून सगळं तीनदा धुतलं. रविवारी मापाची नवी रबरं घालून कॅलिपर जोडला, नळीतली हवा काढली.

गल्लीच्या उतारावर स्टिअरिंग माझ्या हाती देऊन ते पंधरा पावलं पुढे गेले आणि गाडीकडे पाठ करून उभे राहिले. ब्रेकचं काम केलं की त्यांची ही रीतच होती.

"अहो, बाजूला व्हा!" आजोबा ओरडले.

"वैनीसाब, या!"

मी ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी उतरू लागली. दाबला. गाडी एका बाजूला जराही न ओढता त्यांच्या सदऱ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

दत्तोबांनी मानसुद्धा वळवली नाही. "सायेब," ते म्हणाले, "सांगलीला फोन लावा."