भंगल्या चेहऱ्याला कुंकू

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. अनुभव सांगणाऱ्या बायका पहिल्यापासून भक्तीनं भरलेल्या असतात, मी तशी नव्हते. आमच्या ह्यांच्या गालात गाठ निघाली, तपासणीत ती वाईट ठरली आणि लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की जबड्याचा डावा भाग काढावा लागेल, उशीर केलात तर आमच्या हाती काही राहणार नाही. त्या दिवसापासून देवघरात दिवा लागत होता तो निव्वळ सवयीनं. हे युसूफवडगाव या गावच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. जन्मभर मुलांना चेहरा काढायला शिकवला, डोळे कुठं, कान कुठं, हनुवटीची रेघ कशी वळते. तोंडातली सुपारी मात्र कधी सुटली नाही. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायचे, "अर्धं तोंड घिऊन मला जगायचं न्हाई. विषय बंद." मी रडले, भांडले, अबोला धरून पाहिला. ते गालाला मफलर गुंडाळून भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्या गालाला मलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत.

डॉक्टरांनी दाखल व्हायला तारीख दिली होती. तिच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार बसले. म्हणाले, "चल, आज अंबाजोगाई बघू. तिथून धर्मापुरी. लग्न झाल्यावर तुला दाखवतो म्हणलतो, ऱ्हाऊनच गेलं. फकत दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई." दुसरी एखादी बाई खूश झाली असती. मी घाबरले. माणूस निरोप घ्यायला निघाला की असाच नीटनेटका होतो, हे मी माझ्या वडिलांच्या वेळी पाहिलं होतं. तरी पिशवीत पाण्याची बाटली आणि पातळ खिचडीचा डबा घातला आणि निघाले.

पौषातले ढगाळ दिवस होते. ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं मळकट आभाळ. अंबाजोगाईत आधी हत्तीखान्याच्या लेण्यात गेलो. तिथल्या अंगणात दगडी हत्ती आहेत. आमच्याकडं सांगतात, की इथल्या योगेश्वरी देवीच्या लग्नाचं वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला आणि सगळं वऱ्हाड दगडाचं झालं. हे एकेका हत्तीच्या तुटल्या सोंडेवरून हात फिरवत उभे होते आणि मी पायरीवर बसून त्या देवीचा विचार करत होते. जिचं स्वतःचंच लग्न उभं राहिलं नाही, ती माझं काय राखणार? असले विचार मनात येत होते. जवळच एक नवं जोडपं मोबाइलवर फोटो काढत होतं. ती मुलगी त्याला म्हणाली, "नीट हस की!" आणि मी मान फिरवली.

मग देवळात गेलो. अंबाजोगाईला देवीचा प्रसाद म्हणजे तांबूल, कुटलेला विडा. माझ्या तळहातावर तो पडला तेव्हा माझं डोकंच फिरलं. ज्या पान-सुपारीनं घर बुडवलं, तीच प्रसाद म्हणून देतेस होय? चांगली थट्टा मांडलीस माझी, असं मी गाभाऱ्यासमोर उभी राहून मनातल्या मनात तिला खडसावलं. ह्यांनी तांबूल कपाळाला लावला आणि माझ्याच हातावर परत ठेवला. माझ्या रागाकडं पाहून डोळ्यांनी थोडे हसलेसुद्धा. एवढी वर्षं मी देवीजवळ एकच मागत आले, माझं माणूस आहे तसं ठेव. त्या दिवशी तेही मागितलं नाही. हात जोडले आणि बाहेर आले.

घाटनांदूरपर्यंत एसटीनं आणि पुढं काळीपिवळी जीपमधून दाटीवाटीनं बसून धर्मापुरीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. केदारेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर बायकांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. कुणी नाचणारी, कुणी नटणारी. हे दरवर्षी शाळेची सहल घेऊन इथं यायचे आणि मुलांकडून मूर्ती काढून घ्यायचे. त्यांची एक पद्धत होती. दगडात हात तुटलेला असला, नाक उडालेलं असलं, तरी कागदावर ते पुरं काढायचं. अर्धं चित्र आणलं की वही पुरं करायला परत मिळायची. त्या दिवशीही ते एका नर्तकीसमोर कागद मांडून बसले. तिचा एका बाजूचा जबडा फुटून गेला होता. पण पेन्सिल चालेना. बराच वेळ तिच्याकडं पाहून माझ्याकडं न बघताच म्हणाले, "खंडित मूर्तीची पूजा चालत न्हाई, ठाव हाय ना तुला? नदीत सोडून देतेत." मला त्यांचं बोलणं पुरतं कळलं. देवळाच्या कट्ट्यावर बसून मी पदराआड रडले.

तेवढ्यात गावातली एक म्हातारी आली. हातात तांब्या आणि हळदकुंकवाची वाटी. गाभाऱ्याकडं न जाता ती सरळ त्या नर्तकीपाशी गेली. पाणी घालून तिचं तोंड धुतलं, फुटलेल्या जबड्याच्या खाचेत साचलेली धूळ पदराच्या टोकानं पुसून काढली आणि कपाळाला कुंकू लावलं. ह्यांच्यातला मास्तर जागा झाला.

"मावशी, ही देवी न्हाई. नाचणारी बाई हाय, शोभेसाठी कोरलेली. अन् खंडित हाय, हिला पूजा चालत न्हाई."

"मला काय ठाव, बाबा. माज्या सासूनं हिलाच कुकू लावलं, मी बी लावते. तोंड फुटलं म्हून टाकून द्यावं व्हय? कुनी तरी पुसाया पायजे का न्हाई?" मग तिचं लक्ष मफलरकडं गेलं. "तुमी हे कावून गुंडाळलं? दाढ दुखती का?"

जे घरच्यांशी बोलत नव्हते, ते तिला सांगून मोकळे झाले. "गाठ हाय, मावशी. अर्धा जबडा कापावा लागंल म्हणतेत."

"मग कापा की! मानूस घरात बसल्यालं दिसलं म्हंजी झालं. का वं, बाई?" असं मला विचारून तिनं वाटीतलं उरलेलं कुंकू ह्यांच्या कपाळाला लावलं. आणि लेकराचा घ्यावा तसा तो सुजलेला गाल ओल्या तळहातात घेतला. मी धसकले, आता झिडकारतील. हे हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि तिच्या हातात तसेच राहिले. म्हातारी तांब्या उचलून आपल्या वाटेनं गेली. तिच्या लेखी विशेष काही घडलंच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी ती नर्तकी काढली, फुटक्या जबड्यासकट. परतीच्या काळीपिवळीत माझ्या कानाशी येऊन विचारलं, "सकाळी लातूरची पहिली गाडी कितीला हाय?" मी त्यांचा हात धरून ठेवला.

ही गोष्ट मी चमत्कार म्हणून सांगत नाही. पुढं मी साडी-चोळी घेऊन धर्मापुरीला गेले. म्हातारी भेटली, पण आम्ही तिला आठवतसुद्धा नव्हतो. ऑपरेशन झालं, जबडा गेला. पुष्कळ दिवस नाकातल्या नळीनं जेवण चाललं. आता ते बोलतात ते परक्याला कळत नाही, मला कळतं. दर तपासणीच्या आधी मला झोप लागत नाही आणि निकाल काय येईल याची खात्री कुणीच देत नाही. देवीवरचा राग मात्र गेला. आहे तसं ठेव, ही माझी अटच होती आणि अट घालून केलेल्या भक्तीला मी इतकी वर्षं श्रद्धा समजत होते. तिनं माझी अट मोडली आणि माणूस ठेवलं. तू ठेवशील तेवढं माझं, एवढंच आता म्हणते.

घरी आल्यावर किती तरी दिवस ह्यांनी आरशात पाहिलं नव्हतं. दाढी मीच करून द्यायची. एका सकाळी हे स्वतःच साबण, वस्तरा घेऊन अंगणात बसले आणि हातानं खूण करून मला बोलावलं. मी आरसा घेऊन पुढ्यात बसले. त्यांनी स्वतःकडं नीट, चित्र बघावं तसं पाहिलं आणि उरलेल्या गालाला साबण लावायला सुरुवात केली. मी दोन्ही हातांनी आरसा घट्ट धरून बसले होते.