राहीबाईचं खडेमीठ

तुडीलच्या राहीबाईचा कुणावरच विश्वास नव्हता आणि त्याचा तिला अभिमान होता. सावित्री नदीच्या डोहात गिऱ्हा राहतो, ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन हाका मारतो आणि पाण्यात ओढून नेतो, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाकीचे ते गप्पांत बोलायचे नि विसरून जायचे. राहीबाई कशी विसरणार? तिचा नवरा येसाजी भर दुपारी "आलो गो" म्हणत नदीकडे गेला होता. ती तर चुलीपुढे बसली होती, तिने हाक मारलीच नव्हती. तो सापडला तेव्हा पाण्याने फुगला होता.

तेव्हापासून तिच्या घराचा कायदा झाला. नदीकडून येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबायचं, तिच्या हातचं खडेमीठ खायचं, मगच आत यायचं. गिऱ्ह्याला मीठ सोसत नाही. दिराने खाल्लं, व्याह्यांनी खाल्लं, तलाठ्यानेसुद्धा तोंड वाकडं करत खाल्लं. लोक हसायचे. हसोत बापडे, त्यांच्या घरातलं कुणी बुडालं नव्हतं.

एकुलता एक पांडू मुंबईला गिरणीत होता. यायचा तो शिमग्याला. त्या वर्षी मात्र भातकापणीतच होडीतून उतरला आणि दारात येऊन उभा राहिला. राहीबाईने त्याला निरखून पाहिलं. चेहरा पांडूचाच, पण सुजलेला, डोळे बारीक झालेले. असा चेहरा तिने एकदाच पाहिला होता.

"आये, मी हाय."

"मीठ खा."

"आज नको गो. आत घे आदी, उभं ऱ्हावत नाय."

"माजा पांडू कदी नको म्हनला नाय," असं म्हणून तिने कोयती उचलली.

त्याने कपाळावरची जुनी खोक दाखवली, मेलेल्या बैलाचं नाव सांगितलं. त्याचा काय उपयोग? गिऱ्ह्याला सगळं ठाऊक असतं, नाहीतर येसाजी फसला असता का? हा पांडू असेल तर आपण पोटच्या पोराला दारात ताटकळत ठेवलंय, आणि नसेल तर पांडू कुठे आहे? तिला रडू फुटायच्या बेतात होतं, पण ती दारातून हलली नाही.

खांबाला टेकून पांडूने तिच्या हातातल्या कोयतीकडे पाहिलं. मग त्याने मुकाट हात पुढे केला. संशयापायी राहीबाईने चिमटीऐवजी मूठ भरून मीठ दिलं. त्याने ते सगळं चावून गिळलं. तिने कोयती टाकली, त्याला पोटाशी धरलं आणि आत नेऊन घोंगडीवर बसवलं.

इतक्यात त्याच्याबरोबर मुंबईहून आलेला शेजारचा चांगू ट्रंक घेऊन मागून पोचला.

"काकी, याला मीठ देऊ नको हां, चिमूटभर पन नाय. मूत्रपिंडं सुजल्यात. डागतर म्हनला, गावाला जा, आयेच्या हातचं अळणी खा, तर जगशील."

राहीबाईने पांडूच्या तोंडात बोटं घातली. "थुक रे. थुक ते." थुंकायला काही उरलंच नव्हतं.

"मगाशी का नाय बोललास?"

"बोललो असतो," पांडू हळूच म्हणाला, "तर तुला खरं वाटलं असतं?"

राहीबाईला हो म्हणायचं होतं. ते काही तिच्या तोंडून निघेना.