उकिरड्यावरचं नाव

नाव ऐकलं की त्याचा अर्थ विचारायची मला खोड आहे. सोलापुरातल्या एका शाळेत वर्षानुवर्षं मी प्रवेशाचं रजिस्टर लिहिलं, तिथं ती लागली आणि निवृत्तीनंतरही सुटली नाही. पूर्वी पोराचं नाव आजोबाचं नाहीतर कुलदैवताचं असायचं, विचारावं लागत नसे. अलीकडे आईबाप मोबाइलवर शोधून नाव आणतात आणि अर्थ विचारला की पुन्हा मोबाइलच बाहेर काढतात. उत्तरं दोनच, देवाची देणगी किंवा सूर्याचा किरण. एका वर्षी पहिलीच्या एकाच तुकडीत मला सात सूर्यकिरण मिळाले होते.

जगाच्या एवढ्या चौकशा करणारी मी, पण आईचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं जे नवं नाव लिहिलं, त्याच नावानं आम्ही तिला ओळखायचो. "माहेरी तुला काय म्हणायचे?" असं विचारलं की ती म्हणायची, "काय म्हणायचे? अगं म्हणायचे." मी हसून सोडून द्यायची.

गेल्या वर्षी तिच्या आधार कार्डावरची जन्मतारीख दुरुस्त करायची होती. शाळेचा दाखला मिळतो का बघायला मी तिच्या माहेरी, वळसंगला गेले. जुन्या रजिस्टरवर बोट फिरवताना एका ओळीवर थांबले. वडिलांचं नाव माझ्या आजोबांचं, आडनाव तेच, आणि मुलीचं नाव तिप्पव्वा. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिप्पी म्हणजे उकिरडा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

खरं सांगते, मला आनंद झाला. घबाड सापडल्यागत मी दाखला घेऊन घरी आले. आईनं तो डोळ्यांजवळ नेला, घडी केली आणि माझ्या पर्समध्ये परत ठेवला.

"तारीख चुकीची आहे ती राहू दे," ती म्हणाली. "हा कागद कुणाला दाखवू नको."

"अगं, पण नावच आहे ना?"

"घरात एक पोरगी होतीच. दुसरीही पोरगीच आली. कुणाला नको होते मी. मग उकिरड्याशिवाय दुसरं काय ठेवणार?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. तिची आई ती सहा वर्षांची असताना गेली, त्यामुळे विचारणार कुणाला? इतकी वर्षं तिनं हे एकटीनं धरून ठेवलं होतं. आणि मी नाचत दाखला घेऊन आले होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

पण खोड ती खोड. संध्याकाळी मी शेजारणीकडे गेले. त्यांचं विणकरांचं घर, घरात तेलुगू बोलतात, नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होता. आईचं नाव न घेता मी विषय काढला.

"त्यात काय एवढं?" त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांचं नाव पेंटय्या होतं की. पेंटा म्हणजे पण उकिरडाच."

"म्हणजे तेही घरात नको होते?"

"येडी का काय तू? लई नवसाचे होते ते! आधीची लेकरं जगली नव्हती. असलं घाण नाव ठेवलं की मरण म्हणतंय, हे काय उचलून न्यायचं, आणि पुढं जातंय."

केरबा, दगडू, धोंडू, आणि कानडीतला दगड म्हणजे कल्लप्पा. यातली किती नावं मी वडिलांच्या रकान्यात माझ्या हातानं लिहिली होती, आणि मनातल्या मनात हसलेही होते. ती ठेवणाऱ्यांना काय वाटलं असेल, हे मात्र कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच होटगी गाठली. तिथं आईची थोरली बहीण, माझी मावशी राहते. मी तिप्पव्वा एवढंच म्हटलं, तर मावशीनं उठून दार लोटून घेतलं.

"माज्यामागनं दोन झाली व्हती," ती अगदी हळू म्हणाली. "दोनी गेली. मग ही झाली. पाचव्या दिवशी अव्वानं, तुज्या आज्जीनं, हिला सुपात घातलं आन् उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारीण आली, म्हनली, मला हितं लेकरू सापडलं. अव्वानं सूपभर कोंडा देऊन तिच्याकडनं ते मागून घेतलं. म्हंजे लेकरू अव्वाचं न्हाय, उकिरड्याचं."

"तू बघितलंस?"

"बगितलं म्हंजे? काठी घिऊन मीच हुबी व्हते की, कुत्री येतील म्हनून. अव्वा भिंतीमागं रडत व्हती."

"मग आईला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं नसतंय. सांगितलं तर न्हेनाऱ्याला कळतंय की."

मला रागच आला. एवढी वर्षं नकोशी म्हणून जगली ती बाई, आणि ही दार लावून बसली! तोंडाशी आलेलं बोलणारच होते. पण तेव्हा मावशी सात वर्षांची होती, हे लक्षात आलं.

घरी आले तेव्हा आई चटणीसाठी शेंगा फोडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. शेवटी तिनं दोनच गोष्टी विचारल्या.

"अव्वा रडत होती?"

"भिंतीमागं."

"आणि कुत्री हाकलायला अक्का होती?"

"हो."

तिनं पदराला हात पुसले. "अक्काला फोन लाव," म्हणाली.

मी फोन लावून तिच्यापुढं धरला. तिला कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू केला.

"अक्का," आई खणखणीत आवाजात म्हणाली, "मी तिप्पव्वा बोलतीय."

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला. मग मावशीचं दबकं बोलणं ऐकू आलं, "हळू बोल की गं. ऐकंल कुनीतरी."