उजवीकडचं हृदय

रुग्णालयात तिला सगळे दुर्बीण म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. एक्स-रेची फिल्म उजेडाच्या पेटीवर लागली रे लागली की ती दारातूनच सांगायची, "सहावी बरगडी, मागच्या बाजूला, बारीक तडा आहे." मग बाकीचे डॉक्टर पेटीला नाक टेकवून तो तडा शोधत बसायचे आणि सापडला की मनातल्या मनात चरफडायचे.

एवढी नजर तिला कशी आली, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. तिचे कान चालले होते. वडिलांचे गेले तसेच, हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की नस सुकत चाललीय, औषध नाही, यंत्र लावा. यंत्र ती केसांआड लपवून लावत होती. त्याने माणसांचं बोलणं समजायचं. छातीला स्टेथोस्कोप लावला की मात्र आत सामसूम. आवाज वाढवणारा स्टेथोस्कोपही तिने आणून पाहिला, पण त्यात तिच्याच बोटांची खरखर तेवढी वाढली.

छाती ऐकू न येणाऱ्या डॉक्टरने करायचं काय? दुर्बिणीने सोंग आणलं. "लांब श्वास घ्या, सोडा, परत घ्या," असं म्हणत ती मान डोलवायची आणि फिल्म लिहून द्यायची. खोकला आला, फिल्म. धाप लागली, फिल्म. एकदा अधीक्षकांनी बोलावून विचारलं, "बाई, एक्स-रेच्या खोलीत तुमचं कुणी सोयरंधायरं आहे का?" ती हसली. गोष्टी हसण्यावारी न्यायला ती चांगलीच शिकली होती.

सोयरं नव्हतं, पण एक मामा होते. एक्स-रेचे तंत्रज्ञ, सगळ्या रुग्णालयाचे मामा. दुर्बिणीच्या चिठ्ठ्यांनी त्यांच्या नाकी नऊ आले होते. घाईघाईत ते ओल्या हाताने फिल्म पेटीवर अडकवत, आणि त्यांतल्या निम्म्या उलट्या लागत. फिल्म सुलटी आहे की उलटी, हे कळावं म्हणून कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर उमटवलेलं असतं. पण दुर्बीण अक्षराकडे बघेल तर शपथ! हृदय भलत्या बाजूला दिसलं की तिचा हात आपोआप जायचा, फिल्म फिरायची आणि वाचन सुरू. मामा ओरडायचे, "अहो, निदान मला सांगत तरी जा!" ती म्हणायची, "मामा, हृदय कुठे असतं ते मला तुम्ही नका शिकवू."

आता तिची एकच आशा उरली होती, रेडिओलॉजीची निवासी डॉक्टर म्हणून जागा मिळण्याची. तिथे छाती ऐकायची नसते, बघायची असते. बघण्यात तिचा हात कोण धरणार? दरवर्षी ती अर्ज करत होती आणि दरवर्षी रिकाम्या हाताने परतत होती. यंदा पस्तिशी गाठलेली. पुढच्या वर्षी कुठलीच संस्था तिचा अर्ज घेणार नव्हती. आणि कान तर पुढच्या वर्षाची वाट बघायलाही तयार नव्हते.

"रेडिओलॉजीच का?" असा अर्जात प्रश्न होता. खरं उत्तर चार शब्दांचं होतं, पण ते लिहिलं असतं तर आहे ती नोकरीही गेली असती. म्हणून तिने प्रकाश आणि सावली यांच्या नात्यावर पानभर लिहिलं. वाचून तिचं तिलाच कसंतरी झालं. बहुधा सगळ्यांनीच तसलं लिहिलं असावं, कारण तिला मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर सगळी कोवळी पोरं बसली होती. एक जण तिला बघून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आमची मुलाखत तुम्हीच घेणार का?" तिने नुसती मान हलवली आणि त्याच्याच शेजारी जाऊन बसली. बिचाऱ्याने पुढे तोंड उघडलं नाही.

आत तिघं होते. मधे विभागप्रमुख, पांढऱ्या केसांच्या बाई, बोलायला अगदी मऊ. खोली शांत होती, त्यामुळे तिला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला. सुरुवातीची उत्तरं धडाधड गेली. कोपऱ्यातला एक जण तर शेजाऱ्याकडे बघून भुवया उंचावत होता. तिच्या अंगात बळ आलं. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, होईल आपलं.

मग विभागप्रमुखांनी पेटीचा दिवा लावला. "ही बघा जरा."

छातीची फिल्म. हृदयाचं टोक भलतीकडे.

मामा! असं तिच्या मनात आलं. ती चटकन उठली, "माफ करा, उलटी लागलीय," म्हणाली आणि तिने फिल्म काढून, फिरवून, परत अडकवली. आणि मग तिने ती अशी वाचली की काय सांगावं! बरगड्या, श्वासनलिका, हृदयाचा आकार, जठरातला हवेचा फुगा जागच्या जागी, आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाशी बाकी कुणाला दिसलाही नसता असा फिकट डाग. आयुष्यात तिने इतकं सुंदर वाचन केलं नव्हतं.

भुवया उंचावणारा आता टेबलाकडे बघत होता.

"या माणसाचे ठोके ऐकायचे असतील तर स्टेथोस्कोप कुठे ठेवाल?" बाईंनी विचारलं.

"डावीकडे."

"तिथे काही ऐकू येणार नाही." बाई उठल्या. त्यांनी फिल्मच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. शिशाचं अक्षर तिथे आरशात दिसावं तसं उमटलं होतं. "फिल्म बरोबर लावली होती, डॉक्टर. या माणसाचं सगळंच उलटं आहे. हृदय उजवीकडे, जठर उजवीकडे. जन्मापासून. आणि तो डागही उजवीकडेच."

मला कुठल्याच बाजूला ऐकू येत नाही, हे वाक्य पार ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं.

"तुमची नजर चांगली आहे," बाई म्हणाल्या. त्या खरंच हळहळत होत्या, आणि तेच तिला सोसवेना. "पण तुम्ही त्याला बघण्याआधीच ठरवलंत, तो कसा असणार ते. ही सवय कुठे लागली?"

तिला उत्तर येत होतं. तिने दिलं नाही. निकाल पुढे रीतसर लागला, पण खरा निकाल त्या टेबलाशीच लागला होता.

घरी आईने दार उघडलं ते हातात पाण्याचा तांब्या घेऊनच. "झाली का चांगली? तुझ्या मावशीचा दोनदा फोन येऊन गेला."

तिने सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "मग बिघडलं काय? उलटं होतं, तू सुलटं केलंस."

"आई, ते सुलटंच होतं."

"आता हृदय उजवीकडे असणारा माणूस कधी कुणी बघितलाय का? मुद्दाम अडवायला ठेवला असेल मेल्यांनी."

कधी कुणी बघितलाय का. आई भाबडेपणाने बोलून गेली आणि स्वयंपाकघरात भाताखालचा गॅस बंद करायला वळली. दुर्बीण मात्र तिथेच, चपला पायात तशाच, दाराशी उभी राहिली. तिने किती फिल्मा फिरवल्या असतील? अक्षराकडे न बघता, बोलता बोलता, चहाचा कप हातात धरून? त्यातल्या सगळ्या मामांनीच उलट्या लावल्या होत्या कशावरून? एखादा माणूस खराच तसा आला असेल, तिने त्याला आपल्या सोयीने सुलटा केला असेल आणि भलत्या बाजूचं दुखणं लिहून घरी पाठवला असेल. आजवर तिला वाटत होतं, कानांनी दगा दिला तरी डोळे शाबूत आहेत. आता तेही राहिलं नाही. ती मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. आई आतून काही विचारत होती, पण रडताना यंत्र कानातून निसटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसली. बाहेरच्या बाकावर रांग भिंतीपर्यंत गेलेली. पहिल्याच आजीबाई, सुजलेले पाय, दम लागलेला. तिने छातीला स्टेथोस्कोप लावला. तिने सांगायच्या आधीच आजीबाईंनी लांब श्वास घेतला, सोडला, आणि मोठ्या विश्वासाने तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मान डोलवायची वेळ आली. तिला डोलवता येईना.

"आजी," ती म्हणाली, "मला ऐकू येत नाही."

जन्मात पहिल्यांदा ती हे मोठ्याने बोलली होती. आजीबाईंचा चेहरा ओशाळला. "अगो, माझाच आवाज बसलाय बाई," म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपलं दुखणं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, या खेपेला पार ओरडून. पाय कधी सुजले, रात्री उशा किती लागतात, सून काय म्हणते. बाहेरच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

तिने आजीबाईंचा हात धरला. "तुमचा आवाज चांगला आहे. माझे कान गेलेत. मला तुमची छाती तपासता येत नाही, आजी. कुणाचीच येत नाही. शेजारच्या खोलीत जा, तिथल्या डॉक्टरांना दाखवा."

आता तिचाच आवाज चढला होता, आणि दार उघडं होतं. आजीबाई काठी टेकत उठल्या. जाताना त्यांनी मागे वळून बघितलं, त्यात राग नव्हता, नुसती भीती होती. बाकावरचं हसणं थांबलं होतं. मागच्या तारखांना तिच्याकडे येऊन गेलेले, तिच्याच औषधांवर असलेले लोक होते तिथे. आधी एक बाई मुलाला कडेवर घेऊन उठली. मग तिच्यामागचा म्हातारा उठला. मग कुणी कुणाकडे न बघता सगळेच एकेक करून शेजारच्या दारासमोर जाऊन उभे राहिले.

दुपारपर्यंत तिची वेळ होती. तोवर ती खुर्चीतच बसून राहिली.