पलटणीचं वाक्य

माझ्या वडिलांना स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता येत नाही, पण पलटणीची वंशावळ ते एका दमात सांगतात. कंपनी सरकारच्या काळात उभी राहिली, पुढे दोनदा नंबर बदलला, वाळवंटात लढली, ब्रह्मदेशात लढली आणि मग बांगलादेशच्या लढाईत, जिथे वडील स्वतः होते. आमच्या जळगावच्या घरी पाहुणे आले की हे पुराण सुरू व्हायचं आणि आई चहाचं निमित्त काढून आत सटकायची. मलाही त्याचा वीट आला होता, खोटं कशाला बोलू?

पुराणाचा शेवट मात्र कधी कंटाळवाणा वाटला नाही. तो वडिलांच्या मित्राचा होता. दोघं भडगाव तालुक्यातले, गिरणाकाठचे, एकाच दिवशी भरती झालेले. कंपनीत बाकीचे सातारा-कोल्हापूरकडचे; अहिराणी कळणारे हे दोघंच. पहाटेच्या हल्ल्यात मित्राचा पाय सुरुंगावर पडला आणि तो पुढच्या शेतात पडून ओरडत राहिला. कंपनीचे साहेब पंजाबी. त्यांनी वडिलांना विचारलं, "क्या बोल रहा है?" वडील म्हणाले, "साब, बोलता है, आगे मत आना." मग कोणी पुढे गेलं नाही. दुपार व्हायच्या आत तो गेला.

मरताना साथीदारांना वाचवणारा जवान! पलटणीने ते शब्द उचलले. बराकीच्या भिंतीवर रंगवले. नवा रंगरूट कंपनीत आला की पहिल्या दिवशी त्याला भिंतीसमोर उभं करून ही हकीकत सांगतात.

मित्राची बहीण अजून गिरणाकाठीच राहते. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. तिला दुसरा भाऊ नाही. लढाईहून परतल्यापासून वडील दर भाऊबीजेला तिच्याकडे जातात.

यंदा पलटणीतून फोन आला. मित्राचा पुतळा बसवणार होते आणि अनावरण अक्काच्या हातून हवं होतं. बोलणारा मेजर तरुण होता, उत्साहात होता. म्हणाला, मध्यंतरी डोंगरातल्या एका चकमकीत पलटणीचा एक जवान जखमी होऊन पडला. त्यानेही "आगे मत आना" ओरडून साथीदारांना अडवलं आणि तिथेच संपला. "आपके दोस्त से सीखा था, बाबा." वडिलांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी ताटावर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "मला अक्काकडे ने."

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिलाही निरोप पोचला होता. आम्हाला पाहताच तिने आतून दोन लुगडी आणून दाखवली आणि समारंभाला कोणतं नेसू म्हणून विचारलं. वडिलांनी लुगड्यांकडे पाहिलंच नाही.

"अक्का," वडील म्हणाले, "तो तसं नही बोलना व्हता."

"मंग काय बोलना?"

"'भाऊ, माले लई जा. माले आठे नको टाकू.' सकायभर हाईच बोले." वडिलांची मान खालीच होती. "माले भेव वाटना, अक्का."

'मला घेऊन जा, इथे टाकू नको' म्हणतोय, असं साहेबांना खरं सांगितलं असतं तर त्यांनी पुढे कोणाला पाठवलं असतं? ज्याला ती हाक कळली होती, त्यालाच; आणि वडील त्यालाच भ्याले होते. मला हे तिथे, त्या ओट्यावर कळलं. मला वडिलांची चीड आली आणि दयाही आली, आणि दोन्हींतली कुठलीच आवरेना.

"परत सांग," अक्का म्हणाली.

वडिलांनी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. इतकी वर्षं तिने भावाचं शेवटचं बोलणं हिंदीत ऐकलं होतं, आणि तो घरात कधी हिंदीचा एक शब्द बोलला नव्हता.

मला राहवलं नाही. "अक्का, तिथे सगळीकडे सुरुंग होते. हे गेले असते तर दोघंही मेले असते."

"मंग तो एकला ते नही मरता."

वडील रडत होते. तिने त्यांना थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"तुम्ही कितला भाऊ-बहिणी शेतस रे?"

"तीन," मी म्हणालो. तिघंही त्या लढाईनंतर जन्मलेले.

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आम्हा तिघांच्याही बारशाला, आत्याच्या मानाने, पाळण्यात वाकून कानात नाव सांगणारी तीच होती.