पंपाला हळदी काठ

"टाकून बघा ना साहेब, अंगावर टाकून बघायला काय लागतंय?" असं म्हणत आमचे काका गिऱ्हाइकाच्या खांद्यावर ब्लाऊजपीस टाकायचे. साडीचं दुकान असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आमचं ऑफिस इंटरनेटवरच्या जाहिरातींचं. वेबसाइटच्या कडेला बॅनर लुकलुकतात ना, जे तुम्ही चिडून बंद करता, त्यांचे रंग ठरवायचं काम काकांकडे होतं.

त्याआधी त्यांनी पंचवीस वर्षं गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानात साड्या दाखवल्या. ते दुकान बंद पडलं, तेव्हा आमच्या मालकांनी जुन्या ओळखीखातर त्यांना आणलं. आल्या दिवशी त्यांनी टेबलखुर्ची नाकारली, कोपऱ्यात गादी घातली आणि समोर आरसा टेकवला. बॅनरची चौकट म्हणजे काठ, 'इथे क्लिक करा'चं बटण म्हणजे पदर. "पदर उठून दिसला नाय ताई, की बाई चालली शेजारच्या दुकानात," ते मला बजावायचे. बॅनरचा मजकूर मी लिहायचे. त्याच्याकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. असं डोकं फिरायचं माझं!

मग गंगापूरचे पंपवाले आले. विहिरीत सोडायचे पंप बनवणारे, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. एकही रंग त्यांच्या पसंतीस उतरेना. मालकांनी काकांना सांगून टाकलं, "हे काम फसलं तर गादी गुंडाळा. रंग निवडणारं सॉफ्टवेअर मी बघून ठेवलंय."

काकांनी पंपवाल्यांना बूट काढायला लावून गादीवर बसवलं, चहा पाजला आणि चाळीसेक तुकडे उलगडले. झुपकेदार मिशांचा तो धिप्पाड माणूस खांद्यावर वांगी रंग घेऊन आरशासमोर उभा राहिला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. चक्क लाजला हो!

"वय जास्त दिसतंय का?"

"छे! हळदी काठ लागू द्या, मग बघा."

बॅनर झळकलं. आठ दिवसांत पंपवाल्यांकडे फोनच फोन, सगळे बायकांचे. "यात मोरपंखी आहे का? ब्लाऊजपीस संगच येतो ना?" पंपाचं चित्र होतं की! पण असला काठ असताना पंपाकडं कोण बघतंय?

एकही पंप खपला नाही. पंपवाले भडकले, मालकांनी शब्द खरा केला. काकांनी गादी गुंडाळली. जाताना एक मोरपंखी तुकडा माझ्या खांद्यावर टाकला. "तुमच्यावर बघायचं राहूनच गेलं, ताई. लई खुलतोय. ठेवा." मी उगाच खेकसले, कारण रडू येत होतं.

परवा पंपवाले पुन्हा आले. सॉफ्टवेअरनं डोळ्याची पापणी लवायच्या आत तीन रंगसंगती दिल्या. ते बघेनात. दाराशीच बूट काढून रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"काका नाहीत आता," मी म्हटलं.

"तवा रागात बोललो हो मी. पण मला आजवर असं आरशापुढं कुणी उभं केलं नव्हतं."

मला राहवलं नाही. टेबलाच्या खणातला मोरपंखी तुकडा काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांनी मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःला बघितलं.

"कसं दिसतंय?"

"बरं दिसतंय," मी म्हटलं.

त्यांनी तुकड्याची नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि बूट घातले. काका कधी कुणाला नुसतं 'बरं' म्हणाले नव्हते.