सेन्सर चालू होता

गणपतमामा. आधी नाव लिहून टाकतो — नाहीतर पुन्हा भलतंच काहीतरी लिहीन. वडील गेल्यावर आईला आणि मला कुळगावला आपल्या दोन खोल्यांत आणलं ते मामांनी. मला उल्हासनगरच्या कॉलेजात घातलं ते मामांनी. घरातला पहिला पदवीधर मी, पण पेढे घेऊन आळीभर फिरले ते मामा. त्यांच्याशी मी काय केलं, हे आजवर तोंडाने कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

अंबरनाथ एमआयडीसीत मामा पत्रा कापायची प्रेस चालवायचे. तिथेच त्यांनी मला मेंटेनन्सला चिकटवलं. प्रेसच्या समोर सेन्सर असतो — हात आत गेला की मशीन थांबते. बाजूने घातलेला हात मात्र त्याला दिसत नाही. त्या दिवशी सेन्सर उगाचच मशीन थांबवत होता आणि माल तर जायचा होता. अशा वेळी आमच्यात सेन्सर ‘डायरेक्ट’ करतात. पॅनलमध्ये एक वायर जोडली की तो असून नसल्यासारखा. दिवा हिरवाच राहतो. जेवणाच्या सुट्टीत मी ती जोडली. मामांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणू? की ते नको म्हणाले असते, म्हणून सांगितलंच नाही?

सुट्टीनंतर तुकडा अडकला. मामांनी हात घातला. उजव्या हाताची चार बोटं गेली.

सगळे त्यांना घेऊन रिक्षाकडे धावले. मी मागे राहिलो, पॅनल उघडलं, वायर काढली — आणि मग धावलो.

हॉस्पिटलात त्यांनी एकदाच विचारलं, “सेन्सर चालू होता ना रे?”

“होता, मामा.”

“मग मीच बाजूने हात घातला असेल.”

आणि मी? मी त्यांना समजावत बसलो. जे बदलत नाही ते मान्य करावं, त्रास कमी होतो — असं बरंच काही. शिकलेला भाचा सांगतोय म्हटल्यावर त्यांना ते पटलं. यंदा गणपतीत म्हणाले, “आमच्या टाळीला आता निम्माच आवाज.” मामी म्हणाली, “ताल आधीपण नव्हताच.” सगळे हसले. मीही हसलो.

पण नातीला ते उचलून घेत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही. धडधाकट डाव्या हाताबद्दलसुद्धा हेच.

बोटं गेली, ते कुणालाच बदलता येणार नव्हतं. ते मामांनी स्वतःच्या बळावर सोसलं. मी त्यांच्याकडून मान्य करून घेतली ती चूक — त्यांनी न केलेली.

मी आता राहतो त्या विठ्ठलवाडीहून कुळगाव काही लांब नाही. समोर बसून सांगता आलं असतं. तेही जमलं नाही. सोमवारी पोस्टात टाकलं ते हे —

ती. मामांस,
सा. न.
त्या दिवशी सेन्सर चालू नव्हता. मी डायरेक्ट केला होता. तुम्हाला नेल्यावर वायर काढली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तुम्ही हात बाजूने घातला नव्हता. समोरूनच घातला होता, रोजच्यासारखा.
सुनील